फक्त हं

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या गुरुनाथ टिपणीसांना कोणी सल्ला विचारला नाही असे दिवस बरेच येत. त्यांनी तो दिला नाही असा दिवस मात्र कधी उगवला नव्हता.

'परदेशी कट्टा' नावाची एक वेबसाइट होती. अमेरिकेतल्या एका मराठी माणसाने आपला प्रश्न मांडावा, आणि बाकीच्या मराठी माणसांनी हे त्याला आधीच कळायला हवं होतं असं सांगावं, एवढा तिचा साधा हेतू. तिचे विभाग तीन. 'तंत्रज्ञान'मध्ये वायफाय का येत नाही ते विचारलं जाई. 'राजकारण'मध्ये ज्यांना अमेरिकेत मत देता येत नव्हतं आणि भारतात जाऊन द्यायचं नव्हतं, अशांची मतं सर्वांत ठाम असत. आणि 'मन मोकळं'मध्ये लोक आपली दुःखं सांगत. गुरुनाथ काका तिन्हीकडे हजर असत आणि तिन्हीकडे त्यांचं उत्तर साधारण एकच असे : आधी बंद करा, थोडं थांबा, मग पुन्हा चालू करा. राउटरला हे लागू पडे. सरकारांनाही बऱ्यापैकी लागू पडे. बॉथेलच्या एका बाईंनी नवऱ्याच्या बाबतीत करून पाहिलं, त्यानंतर त्या साइटवर दिसल्या नाहीत.

काकांचं उभं आयुष्य एका विमा कंपनीची जुनी कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळण्यात गेलं होतं. सिस्टिम इतकी जुनी, की ती समजणारा माणूस म्हणून काकांना कोणी काढू शकत नव्हतं. आणि काका आहेत तोवर सिस्टिमलाही. दिवसभर तिला हुकूम सोडायचे आणि तिने ते निमूट पाळायचे, अशा सवयीचा माणूस घरी येऊन काय करणार?

घरात बायको सुमेधा होती. आणि फिलाडेल्फियात मुलगी होती, आन्या. गोष्टीचं दुखणं तिथेच होतं.

आन्या एका औषध कंपनीत आकडेमोडीचं काम करायची. चारेक वर्षांपूर्वी एकदा ती घरी आली, बाबांना घरामागच्या लाकडी डेकवर घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, मी जॉब सोडतेय. मला एलिव्हेटर मेकॅनिक व्हायचंय. लिफ्ट दुरुस्त करायच्या. आय ॲम सिरियस. प्लीज, डोन्ट टेल एनीवन."

काकांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त कट्ट्यावर विचारलं.

तेही पूर्ण काळजी घेऊन. 'नाव गुप्त ठेवत आहे' असा मथळा दिला. मग खाली लिहिलं, की एका ओळखीच्यांची मुलगी आहे, फिलाडेल्फियात असते, डावखुरी आहे, आणि लहानपणी एडिसनच्या मराठी मंडळात झाशीची राणी झाली असताना तिचा घोडा स्टेजवरून खाली पडला होता. सगळ्यात खाली, आपोआप, 'गुरुनाथ टिपणीस, एडिसन' असं नाव उमटलं. तो घोडा म्हणजे राजाराम सबनीस. तोही कट्ट्यावर होता. त्याने पहिलीच प्रतिक्रिया लिहिली : "आन्या कशी आहे? माझा गुडघा अजून दुखतो."

संध्याकाळपर्यंत बॉथेलच्याच दुसऱ्या एका काकूंनी आन्याला फोन करून लिफ्टचे दोर तुटतात असं कळवलं. ॲशबर्नहून एकांनी भाच्याचा बायोडेटा पाठवला आणि सोबत लिहिलं, की मुलाचं घर तळमजल्यावर आहे, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न येणार नाही.

आन्या भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात काका तरबेज होते. पण ती काहीच बोलली नाही. तिने नोकरी सोडली, लिफ्टवाल्यांच्या युनियनमध्ये शिकाऊ म्हणून लागली, आणि तेव्हापासून बाबांच्या प्रत्येक मेसेजला एक पिवळा अंगठा पाठवू लागली. "पोचलीस का?" अंगठा. "थंडी फार आहे, टोपी घाल." अंगठा. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, बेटा." अंगठा. एकदा काकांनी मुद्दाम विचारलं, "चहा घेतेस की कॉफी?" त्यालाही अंगठाच आला.

स्वयंपाकघरातून मात्र रोज हसण्याचा आवाज येई. सुमेधाचा फोन स्पीकरवर असे, आणि आन्या धबधब्यासारखी बोलत असे. काका पाणी प्यायच्या निमित्ताने आत शिरले, की धबधबा बंद. "ओके आई, बाय."

एका शनिवारी त्यांना राहवलं नाही. सुमेधा कोथिंबीर निवडत होती.

"काय बोलते गं ती तुझ्याशी?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला सांगत नाही ते."

काकांनी हा घाव पचवला. "आणि तू तिला काय सांगतेस?"

"मी? मी हं म्हणते."

"आणि मग?"

"मग ती पुढचं सांगते. मग मी परत हं म्हणते."

"नुसतं हं? एवढ्यावर पोरगी तासभर बोलते?"

"मधे कधीतरी 'हं?' असं वर नेऊन म्हणायचं. पण तुम्ही तिथपर्यंत एकदम जाऊ नका."

"ह्यात काय अवघड आहे?"

"अहो, मग म्हणा ना. मी सांगते तुम्हाला काहीतरी. आज कोथिंबीर अगदी बेकार मिळाली."

"तू मंगळवारी जात जा. मंगळवारी ट्रक येतो. आणि देठ बघायचे असतात, पानं नाही. शिवाय—"

सुमेधाने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "खाली स्वानंदी आहे ना, तिच्याकडे क्लास लावा."

स्वानंदी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. नागपूरची, व्हिसावर आलेली, एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करणारी. तिने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला होता. नाव, 'फक्त हं'. त्याचं असं झालं, की मध्यंतरी तिची नोकरी डळमळली होती आणि तिने ते चार लोकांना बोलून दाखवलं. एकाने कॅनडाला जा म्हटलं. दुसऱ्याने कॅनडावाल्याशी लग्न कर म्हटलं. तिसऱ्याने नोकरी डळमळूच द्यायला नको होती, असं सुचवलं. तेव्हा तिला आपल्या आत्याची आठवण झाली. आत्या श्रावणात कहाणी सांगायची आणि एका पोराला हुंकार द्यायला बसवायची. त्याने दर वाक्याला हं म्हणायचं. हं थांबला की कहाणी थांबली. तर ह्या ग्रुपमध्येही कोणीही यावं, मनातलं लिहावं, आणि बाकीच्यांनी फक्त 'हं' लिहावं. जोडलेले हात नाहीत, लिंक नाही, अंगठा नाही. जास्त बोलला त्याला स्वानंदी काढून टाकायची.

दार वाजवल्यावर तिने आधी राउटरकडे नजर टाकली. "काका, वायफाय चालू आहे. खरंच चालू आहे."

"त्यासाठी नाही आलो. मला त्या ग्रुपमध्ये घे."

"अगा बाप्पा."

"का? मला काय धाड भरलीय?"

"काका, तुम्हाला नाही जमत, सांगून राहिली ना मी. तुम्ही मागच्या आठवड्यात माझ्या पिझ्झावाल्याला रिटायरमेंट प्लॅन सांगितला."

"तो भाड्याने राहतो गं. मला राहवलं नाही." काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. "तुला खरं सांगू? लहानपणी मलाही हुंकाराला बसवलं होतं. पहिल्याच कहाणीत काढून टाकलं."

"काऊन?"

"राजाला एक आवडती राणी होती, एक नावडती. मी सुचवलं, की त्याने मुळात असा प्रकारच ठेवू नये."

स्वानंदीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आन्यासाठी करून राहिले ना हे?"

काका काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही घटना इतकी दुर्मीळ होती, की स्वानंदीने तिथल्या तिथे त्यांना ग्रुपमध्ये घेतलं.

पहिल्या दिवशी ॲशबर्नच्या एका मुलाने लिहिलं, की डेटा सेंटरमधल्या मशीन्सच्या घरघरीत राहून राहून आता त्याला शांततेत झोप लागत नाही. काकांनी लिहिलं, "हं. पण". पुढचं त्यांनी मोठ्या निर्धाराने गिळलं होतं. तरी 'पण' गेलाच. स्वानंदीने काढलं.

दुसऱ्या खेपेला एका बाईंनी लिहिलं, की बॉस त्यांच्या कल्पना चोरतो. काकांनी नुसतं "हं" लिहिलं. सगळ्यांना धन्य वाटलं. नंतर कळलं, की काकांनी त्या बाईंना खाजगीत एक जाडजूड पीडीएफ पाठवली होती आणि वर फोन करून ती उघडली का, असं विचारलं होतं. परत काढलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी आठवडाभर बिनचूक हं लिहिले. मग एका सकाळी स्वानंदीला मेसेज आला, की ग्रुप छान चालला आहे, फक्त हं चे तीन दर्जे करावेत, साधा, मध्यम आणि सखोल, म्हणजे लोकांना निवड करता येईल; सोबत तक्ता जोडला आहे.

"काका, मी तुम्हाला आता घेणार नाही," ती वर येऊन म्हणाली. "तुम्ही बाहेर तयारी करा. मग बघू."

मग काकांनी ते अंगावर घेतलं. ऑफिसात सिस्टिम कोसळली की ते जसे बाह्या वर करत, तशा त्यांनी केल्या. रोज टीव्हीवरच्या राजकीय चर्चेसमोर बसायचे आणि प्रत्येक पाहुण्याला हं म्हणायचे, दोन्ही बाजूंच्या. पहिल्या दिवशी त्यांच्या कपाळाची शीर फुगली आणि सुमेधाने बीपीचं मशीन शोधून ठेवलं. हळूहळू शीर बसली. मग ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात रांगेत पुढच्या बाईंनी चुकीचा तांदूळ घेतलेला पाहिला आणि नुसतं हं म्हणून ते घरी आले. आल्या आल्या आडवे झाले.

गाडीची वॉरंटी विकणाऱ्याचा फोन आला, तेव्हा त्यांची खरी प्रगती दिसली. काकांनी पहिल्यापासून हं लावला. त्या माणसाने योजना सांगितली, हप्ते सांगितले, आणि काका हं म्हणतच राहिले तेव्हा त्याने सांगितलं, की त्याला हे काम आवडत नाही, त्याला खरं तर मधमाश्या पाळायच्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे गाडी आहे का, हे विचारायचं राहिलंच. पण खूप बरं वाटलं." आणि फोन ठेवला.

इकडे कट्ट्यावर गडबड उडाली. तिन्ही विभागांत कित्येक दिवसांत गुरुनाथ काकांचा एकही सल्ला नव्हता. लोकांचे राउटर बंदच्या बंद पडून राहिले. तर्क सुरू झाले. लता काकू म्हणून मंडळातल्या एक जुन्या जाणत्या बाई होत्या. त्या कधी कशाची वाट बघत नसत. त्यांनी काकांचा सहलीतला फोटो काळ्या चौकटीत टाकला आणि लिहिलं : भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शेकड्यांनी प्रतिक्रिया आल्या. कोणी लिहिलं, माणूस बोलका होता. कोणी सुमेधाताईंनी आता घर विकावं की ठेवावं यावर दोन्ही बाजू मांडल्या. एकाने काकांचंच वाक्य टाकलं : आधी बंद करा, थोडं थांबा, मग पुन्हा चालू करा.

काकांनी सकाळच्या चहाबरोबर ते सगळं वाचलं. त्यात सतरा ठिकाणी दुरुस्ती करण्यासारखी होती. फोटोही चांगला नव्हता. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि खाली लिहिलं :

"हं."

हा हं अमेरिकाभर गेला. स्वानंदी जिना चढून धावत वर आली. "काका! मरणावर पण काही बोलले नाही तुम्ही! चला, आलात ग्रुपमध्ये!"

त्याच सुमारास एडिसनच्या ओक ट्री मराठी मंडळाची निवडणूक आली होती. मंडळात त्या वर्षी उभी फूट पडली होती. वाद असा, की कार्यक्रमपत्रिकेवर खरी वेळ छापायची की नेहमीची. खरी वेळ म्हणजे ज्या वेळेला कार्यक्रम सुरू होतो ती. नेहमीची म्हणजे छापायची अकरा आणि सुरू करायचा साडेबाराला. यतीन म्हणून एक तरुण प्रोजेक्ट मॅनेजर खऱ्या वेळेच्या बाजूचा पुढारी होता. लता काकू नेहमीच्या वेळेच्या. "साडेबारा छापलं तर लोक दोनला येतील," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

दोघांनीही काकांना फोन केला. लता काकूंनी आधी, तुम्ही जिवंत आहात हे कळवायला हवं होतं, असं सुनावलं.

"काका, तुम्ही आयटीतले," यतीन म्हणाला. "तुम्हाला पटेलच. वेळ म्हणजे वेळ."

"हं," काका म्हणाले.

"भावजी, तुम्ही जुने," लता काकू म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला नकोच. आपली माणसं आपल्याला माहीत."

"हं," काका म्हणाले.

पुढचा अर्धा तास दोघं आपापल्या पाळीला काय काय बोलले, ते काकांनी ऐकून घेतलं. यतीनने तर लग्न जमत नसल्याचंही सांगितलं. फोन ठेवताना दोघांचीही खात्री झाली होती, की इतक्या वर्षांत आपल्याला पूर्णपणे समजून घेणारा हा पहिलाच माणूस.

सर्वसाधारण सभा रविवारी दुपारी एका शाळेच्या जिममध्ये भरली. अध्यक्षपदासाठी यतीनने नाव सुचवलं : गुरुनाथ टिपणीस. अनुमोदनाला लता काकू उभ्या राहिल्या. दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच अध्यक्ष एकमताने निवडून आला, आणि कशावर एकमत झालं ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

"अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत," राजाराम माइकवर म्हणाला, आणि सभागृहात एक हलकंसं कण्हणं उमटलं. अनुभवी मंडळींनी पाय लांब केले. दाराजवळच्यांनी गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या.

काका स्टेजवर चढले. समोर पहिल्या रांगेत सुमेधा आणि तिच्या शेजारी स्वानंदी. काकांनी माइक हातात घेतला, आणि खिशातला फोन थरथरला.

फोनच्या पडद्यावर आन्याचं नाव होतं. अंगठा नव्हता. फोन होता.

काकांनी सभेकडे पाहिलं. सभेने काकांकडे. मग ते माइकमध्ये म्हणाले, "हं," माइक राजारामच्या हातात दिला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बास्केटबॉलची जाळी हलली. मंडळातलं ते सर्वांत लहान अध्यक्षीय भाषण होतं. काही लोक तर उभे राहिले.

बाहेर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये चिप्सचं एक मशीन गुणगुणत होतं.

"हॅलो, बाबा? आई फोन उचलत नाहीये. इज शी देअर?"

म्हणजे फोन त्यांच्यासाठी नव्हता. काकांनी तेही पचवलं. "आत आहे. सभा चालू आहे, फोन बंद असेल. बोलावू?"

"नो, इट्स फाइन. तू बिझी असशील."

"नाही."

पलीकडे शांतता. ह्या शांततेत घालण्यासारखी काकांकडे चार वर्षांची वाक्यं साठली होती. टोपीपासून युनियनच्या विम्यापर्यंत सगळी दाराशी येऊन ढकलाढकली करत होती. काकांनी चिप्सच्या मशीनला पाठ टेकली.

"हं," ते म्हणाले.

पलीकडे श्वास ऐकू आला. "बाबा, उद्या सकाळी माझी मेकॅनिकची एक्झाम आहे."

"हं."

"सेकंड टाइम. पहिल्यांदा मी फेल झाले. आईला माहितेय. तुला सांगितलं नाही."

काका मशीनकडे वळले आणि आतल्या पाकिटांवरची नावं मनातल्या मनात वाचू लागले. मीठवाली. तिखट. आंबट मलईवाली. "हं," ते म्हणाले.

मग धबधबा सुटला. पाहता पाहता काका त्याखाली उभे होते. आन्या सांगत होती, की प्रत्यक्ष काम तिला हातचा मळ आहे, लिफ्ट समोर असली की बिघाड आपोआप सापडतो. पण कागदावर सर्किट आलं, की डोक्यात अंधार. तिच्या टीममध्ये ती एकटीच मुलगी. वरचा मेकॅनिक तिला 'प्रोफेसर' म्हणतो. "आणि कधी कधी वाटतं ना, ती बॉथेलची काकू बरोबर होती. मे बी आय शुड हॅव जस्ट स्टेड अ‍ॅट द डेस्क."

"हं," काका म्हणाले, आणि हा कठीण गेला.

"हे बघ ना, दाराचं सर्किट. सगळ्या मजल्यांची दारं एका लायनीत असतात, राइट? मला ते ड्रॉइंग आलं, की कळतच नाही कुठला रिले आधी."

रिले! विजेने आपोआप चालू-बंद होणारा स्विच! हे तर त्यांच्या हातचं होतं. कॉलेजात त्यांनी असल्या ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर काढला होता. दहा मिनिटांत, नव्हे पाच मिनिटांत समजावलं असतं. वाक्य तयार होतं, उदाहरण तयार होतं, उदाहरणातला विनोदसुद्धा तयार होता. काकांनी मशीनची कड अशी पकडली, की आतलं एक पाकीट सुटून फुकटात खाली पडलं.

"हं?" ते म्हणाले. वर नेऊन. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणजे बघ," आन्या म्हणाली, "खालचं दार बंद झालं, लॉक झालं. करंट पुढच्या दाराकडे गेला. तेही लॉक. मग त्याच्या पुढचं. एक जरी उघडं असलं, तर पुढे काहीच जात नाही. म्हणजे मोटरचा रिले... वेट."

"हं."

"वेट, वेट, वेट. म्हणजे तो शेवटी येतो! ऑफ कोर्स तो शेवटी येतो! सगळी दारं हो म्हणेपर्यंत तो नुसता थांबलेला असतो! बाबा! मी उलट्या बाजूने वाचत होते!"

"हं!" काका म्हणाले.

"ओ माय गॉड." कागदांची फडफड ऐकू आली. "हा पण. आणि हा पण सेम आहे. बाबा, थँक यू. यू एक्सप्लेन्ड दॅट सो वेल."

काकांनी ह्यावर थोडा विचार केला. "हं," ते नम्रपणे म्हणाले.

आत परतले तेव्हा लता काकू दारातच उभ्या होत्या. "कोणाचा फोन होता हो? आन्याचा ना? काय म्हणते? अजून त्या लिफ्टमध्येच का?"

संपूर्ण मंडळाने कान टवकारले. राजारामने माइक थोडा त्या दिशेला केला.

"हं," काका म्हणाले, आणि फुकटातलं चिप्सचं पाकीट लता काकूंच्या हातात देऊन सुमेधाशेजारी जाऊन बसले. सुमेधाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपला बंद फोन पर्समधून काढला, चालू केला आणि स्वानंदीला डोळा मारला.

आन्या पास झाली. निकालाचा मेसेज आधी बाबांना आला, आणि त्यात एकही अंगठा नव्हता. "पास!!!" एवढंच होतं. काकांनी त्याच्यावर सात वेगवेगळी उत्तरं लिहून पुसली आणि शेवटी एक पिवळा अंगठा पाठवला. आन्याने हसून हसून रडणारे चेहरे रांगेने पाठवले.

मंडळाच्या गणपतीची पत्रिका निघायची वेळ आली, तेव्हा दोन्ही पक्ष अध्यक्षांकडे निर्णय मागायला आले. काकांनी दोघांना हं म्हटलं. प्रत्येक पक्षाने दुसऱ्याची वेळ छापू नये म्हणून छापखान्याला फोन केला, आणि पत्रिका वेळेशिवायच छापून आली. लोक इतके घाबरले, की सगळे सकाळी नवालाच येऊन बसले. मंडळाच्या जन्मापासून पहिल्यांदा आरतीला माणसं आधी आली आणि गणपती नंतर.

ऑक्टोबरमध्ये आन्याने आईबाबांना फिलाडेल्फियाला बोलावलं. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत तिने त्यांना लिफ्टसमोर उभं केलं. लिफ्ट पितळी दाराची, म्हातारी, पॉलिश केलेली. आन्याच्या अंगात तिच्या नावाचं जाकीट होतं आणि कमरेला पट्ट्यात पान्हे.

"ही माझी," ती म्हणाली. "दोन महिने बंद होती. आता मी बघते हिला."

लिफ्टने तिघांना उचललं. वर जाताना एक हलकी घरघर होत होती, मांजर मांडीवर घेतल्यासारखी. सुमेधाने पदर सावरला. काका छताकडे, बटणांकडे, दाराकडे बघत होते. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, बंद झालं, आणि काकांचा चेहरा विचित्र झाला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही."

"बोल."

"हं," काका म्हणाले.

"बाबा, तुझं तोंड बघ. यू आर गोइंग टू एक्सप्लोड. मीच विचारतेय ना? बोल."

काकांनी सुमेधाकडे पाहिलं. सुमेधाने मान हलवून परवानगी दिली.

"दार," काका हळूच म्हणाले. "बंद होताना डावीकडे खाली 'टिक' वाजतंय. एकच. म्हणजे असेल काही, नसेलही."

आन्याने लिफ्ट थांबवली. दार उघडलं, बंद केलं. परत उघडलं. खाली वाकून कान लावला. इमारतीत कुठेतरी कोणाचा तरी फोन वाजला आणि थांबला.

"हं," आन्या म्हणाली.

आणि तिने पट्ट्यातून पान्हा काढला.

ओक ट्री मराठी मंडळाचे एकमताने निवडून आलेले अध्यक्ष, ज्यांना एकदा श्रद्धांजलीही वाहून झाली होती, ते मुलीसाठी टॉर्च धरून उभे राहिले. छाती इतकी फुगली होती, की उजेड हलत होता.

"बाबा, टॉर्च थोडा डावीकडे घे," आन्या खालून म्हणाली. "हलवू नको. दोन्ही हातांनी धर. आणि वाकताना गुडघे वाकव, पाठ नाही, नाहीतर घरी जाईपर्यंत धरेल. आणि शूज चांगले घे रे, हे फार घसरतात. आणि—"

"हं," सुमेधा म्हणाली.

काकांनी टॉर्च डावीकडे घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि गुडघे वाकवले.